भांगातील उधाण

आपल्या ज्ञातीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास कागदपत्रांचा आधार फारसा मिळत नाही. जुन्या गॅझेटियरांत कोळ्यांच्या होड्या, जाळी, लग्नविधी आणि देवदेवके यांची वर्णने आढळतात; मुंबई बेटाचे मूळ रहिवासी म्हणून आपले नाव आदराने घेतले जाते; आणि तेथेच प्रकरण संपते. बाकीचे सारे गीतांत, गावकीच्या आठवणींत आणि वृद्धांच्या बोलण्यात राहिले आहे. त्यामुळे जी गोष्ट गीतात आली नाही व वडीलधाऱ्यांनी सांगितली नाही, ती आपल्यापुरती घडलीच नाही असे होऊन बसते. अशाच एका सकाळची हकीकत संघाच्या या स्मरणिकेत नोंदवून ठेवावी, एवढ्या हेतूने हा लेख लिहीत आहे. ती सकाळ बुधवार, दिनांक 28 नोव्हेंबर 1945 ची होय.

कार्तिक वद्यातील अष्टमी-नवमीचा तो सुमार होता. दर्यावर पोट असणाऱ्या वाचकांस सांगावयास नको की, पौर्णिमेचे उधाण ओसरून या दिवसांत भांग लागलेला असतो. भरती फार चढत नाही, ओहोटी फार उतरत नाही, पाण्याच्या ओढीला जोर नसतो. डोलीचे जाळे तर ओढीवरच चालते. म्हणून भांगाच्या दिवसांत अनेक नाखवे होड्या नांगरून ठेवीत आणि जाळी सांधीत बसत. अशा या निवांत सकाळी सव्वाआठच्या सुमारास साष्टीच्या किनाऱ्यावर पाणी एकाएकी चढले. जुहू आणि दांडा येथे नांगरलेल्या कित्येक होड्यांचे दोर तुटून त्या वाहून गेल्या. भांग असल्यामुळेच इतक्या होड्या त्या वेळी किनाऱ्यास असाव्यात, असा माझा तर्क आहे. वेसावे येथे 5 आणि हाजीअली येथे 6 माणसे प्राणांस मुकली; मुंबईच्या परिसरात एकंदर 15 माणसे वाहून गेल्याची नोंद आहे. लाटेची उंची सुमारे 2 मीटर, म्हणजे पुरुषभराहून थोडी अधिक, अशी सांगितली जाते. वारा नव्हता, वादळ नव्हते, तिथी उधाणाची नव्हती. तरी समुद्र चालून आला.

पंधरा हा आकडा आज वाचणाऱ्यास लहान वाटेल, आणि तेव्हाही तो लहानच वाटला असला पाहिजे. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. त्याच महिन्याच्या 5 तारखेस दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटला सुरू झाला होता, आणि साऱ्या देशाचे कान तिकडे लागले होते. पुढे फेब्रुवारीत तर खुद्द मुंबई बंदरातच नौसैनिकांचा उठाव झाला. एवढ्या मोठ्या घडामोडींच्या गर्दीत वेसाव्याची सकाळ कोणी लक्षात ठेवावी? परंतु बाहेरचे जग विसरले याचे नवल नसले, तरी आपण विसरलो याचे नवल वाटते. होडीच्या, वाऱ्याच्या, नारळी पौर्णिमेच्या गीतांस आपल्याकडे तोटा नाही. या लाटेचे गीत मात्र माझ्या ऐकण्यात नाही. वाडीतील वृद्धांकडे मी पुष्कळ चौकशी केली. चक्रीवादळे सांगितली गेली, बुडालेल्या होड्यांची नावे सांगितली गेली. 1945 च्या त्या पाण्याची आठवण कोणाकडून मिळाली नाही.

ते पाणी कोठून आले, हे आता शास्त्रज्ञांनी निश्चित केले आहे. मुंबईच्या वायव्येस सुमारे 1,200 किलोमीटरवर, आज पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानचा मकरान किनारा आहे. तेथील पसनी गावासमोर समुद्रतळाखाली पहाटे 3 वाजून 26 मिनिटांनी 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला. या भागात अरबस्तानचे भूपट्ट उत्तरेकडील भूपट्टाखाली हळूहळू शिरत असते. मध्ये अडकलेला ताण शेकडो वर्षे साठतो आणि केव्हा तरी क्षणात मोकळा होतो. तसे होताना समुद्राचा तळ एकदम वर उचलला जातो, आणि त्याच्यावरील सारे पाणीही त्याच्यासह उचलले जाते. तीच लाट होय. पसनी व ओरमारा ही मच्छिमारांची गावे उद्ध्वस्त झाली. कराची-मस्कत यांच्यामधील समुद्रातील तार तुटली. किनाऱ्यासमोर चिखलाची लहान बेटे वर आली आणि पुढे लाटांनी ती पुन्हा धुऊन नेली. या भूकंपात व लाटेत 4,000 माणसे मेली असे अनेक ग्रंथांत छापलेले आढळते. परंतु अलीकडच्या अभ्यासकांस तो आकडा फुगलेला वाटतो, आणि खरी संख्या शेकड्यांत असावी असे त्यांचे मत आहे. विशेष असे की, पसनीस मोठ्या लाटा भूकंपानंतर लगेच आल्या नाहीत, दीड-दोन तासांनी आल्या. धक्क्याने घाबरून बाहेर पडलेली माणसे तोवर पुन्हा घरी परतली असतील, ही कल्पनाच मनास चटका लावते.

आता वेळेचा हिशेब पाहू. मकरानास 3 वाजून 26 मिनिटे, मुंबईस सव्वाआठ. मध्ये पावणेपाच तासांहून अधिक अवकाश. हा वेळ लाटेस का लागला, हेही समजून घेण्यासारखे आहे. अशी लाट पाण्याच्या खोलीप्रमाणे धावते. 3,000 मीटर खोल पाण्यात तिचा वेग ताशी सुमारे 600 किलोमीटर असतो; 50 मीटर पाण्यात तो ताशी 80 वर येतो. अरबी समुद्राचा खोल भाग तिने दीड-दोन तासांतच ओलांडला असला पाहिजे. परंतु मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ सुमारे 300 किलोमीटर पश्चिमेकडे पसरलेला आहे. मुंबई हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, आणि तेथेही पाणी 75 मीटरच्या आसपासच. या उथळ पाण्यावर लाटेची चाल मंदावली. ज्या उथळ समुद्रावर आपली डोलीची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्यानेच आपल्याला तीन तासांची सवड दिली होती. तिचा उपयोग कोणाला करता आला नाही, ही गोष्ट वेगळी.

खोल पाण्यात या लाटेची उंची इतकी कमी असते की, वर तरंगणाऱ्या होडीस ती कळतही नाही. किनाऱ्यापाशी आल्यावर मागचे पाणी पुढच्यावर चढते आणि मग तिचे खरे स्वरूप दिसते. जपानी भाषेत 'त्सु' म्हणजे बंदर आणि 'नामी' म्हणजे लाट. त्सुनामी म्हणजे बंदरातील लाट. दर्यावर काहीच न जाणवलेल्या आणि परत येऊन पाहतो तो बंदर उद्ध्वस्त झालेल्या कोळ्यांनीच हा शब्द घडविला असावा, असे सांगतात.

भूकंपाचा हादरा स्वतः मात्र लाटेच्या कितीतरी पट वेगाने येतो. मकरानहून मुंबईपर्यंत जमिनीतून यावयास त्यास अडीच-तीन मिनिटे पुरतात. भूकंपलेखक यंत्रे त्या काळीही होती. पहाटे साडेतीनच्या आत दूर कोठे तरी मोठा भूकंप झाल्याची रेघ कागदावर उमटणे शक्य होते. पण ती रेघ वाचून समुद्राकडे पाहावे, अशी व्यवस्था कोठेच नव्हती. याहून मनास लागणारी गोष्ट कराचीची आहे. कराचीच्या किनाऱ्यावर पहिली लाट पहाटे साडेपाचच्या सुमारास आली, आणि त्यानंतर सव्वाआठपर्यंत आणखी लाटा येत राहिल्या. कराचीची लाट पुढे मुंबईस आली असे नव्हे. दोन्ही लाटा एकाच उगमापासून निघून आपापल्या वाटेने गेल्या. परंतु कराचीस साडेपाचला जे दिसले, ते मुंबईस तारेने कळविण्यास पावणेतीन तास हाती होते. ही दोन शहरे तेव्हा एकाच राज्यात होती. 1936 सालापर्यंत तर सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. दोन्हीकडे बंदराची कचेरी होती, तारेची कचेरी होती. समुद्र अवेळी चढला आहे, एवढ्या चार शब्दांची तार पुरली असती.

कोणास दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही. वादळाची सूचना देण्याची पद्धत तोपर्यंत आपल्या बंदरांवर चांगली रुजली होती. धोक्याचा बावटा चढला की कोणत्या नंबरचा आहे हे लहान पोरही सांगे, आणि नाखवा त्याप्रमाणे होडी ओढून घेई. परंतु वादळ दरसाल येते. जी आपत्ती तीन-चार पिढ्यांतून एकदा येते, तिच्यासाठी बावटा कोण शिवून ठेवणार? 1524 साली वास्को द गामाचे आरमार दाभोळच्या बाजूस असता वारा पडलेला, तरीही समुद्र एकाएकी हेलकावू लागला आणि खलाशी भयभीत झाले, ही गोष्ट पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवली आहे. तो समुद्राखालील भूकंप असावा असे मानतात. गामाच्या जहाजांवर काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. त्या वेळी किनाऱ्यावरील वाड्यांत काय झाले ते कोणी लिहिले नाही.

मकरानच्या लाटेनंतर चारच महिन्यांनी, 1 एप्रिल 1946 रोजी, जगाच्या दुसऱ्या टोकास हुबेहूब तसाच प्रसंग घडला. उत्तर पॅसिफिकमधील अल्यूशियन बेटांजवळ रात्री भूकंप झाला आणि सुमारे पाच तासांनी, सकाळी सातच्या आसपास, हवाई बेटांतील हिलो शहरावर लाटा येऊन आदळल्या. तेथेही सूचना देणारे कोणी नव्हते. समुद्र येत आहे असे ओरडत धावणाऱ्यांस लोक हसले, कारण एप्रिलची पहिली तारीख होती. हवाईत 159 माणसे मेली. रात्रीचा भूकंप, पाच तासांचा अवकाश, सकाळची लाट: दोन्हीकडे सारे सारखे. पुढचे मात्र सारखे झाले नाही. अमेरिकेने 1949 साली होनोलुलूजवळ पॅसिफिकसाठी सूचना केंद्र उभे केले. भूकंपाची यंत्रे आणि बंदरांतील पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे तारायंत्राने एकमेकांस जोडली. 1952 साली कामचाटकाजवळ प्रचंड भूकंप झाला, तेव्हा हवाईत मालमत्तेची पुष्कळ हानी झाली, पण सूचना वेळेवर मिळाल्यामुळे एकही मनुष्य दगावला नाही. आपल्या हिंदी महासागरात अशी व्यवस्था होण्यास आणखी अर्धशतक आणि लाखो बळी लागले. सुटून वाहून गेलेल्या होड्या व पंधरा माणसे यांच्यासाठी कोणी केंद्र उभारीत नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

यंत्र बसविले म्हणजे काम झाले असे समजणाऱ्यांनी हिलोचेच पुढील प्रकरण वाचावे. 22 मे 1960 रोजी चिलीच्या किनाऱ्याजवळ, आजवर मोजलेल्यांपैकी सर्वांत मोठा, 9.5 तीव्रतेचा भूकंप झाला. लाट हिलोस पोहोचावयास सुमारे पंधरा तास लागणार होते. केंद्राने वेळ अचूक वर्तविली. रात्री साडेआठच्या सुमारास भोंगे वाजले. लाट आली मध्यरात्रीनंतर एक वाजता. मध्ये चार तासांहून अधिक वेळ होता, तरी हिलोत 61 माणसे मेली. पुढे चौकशी केली तेव्हा असे आढळले की, भोंगा जवळजवळ सर्वांनी ऐकला होता. परंतु भोंग्यांची पद्धत थोड्याच काळापूर्वी बदलली होती. पूर्वी एकामागून एक असे अनेक इशारे होत, म्हणून पुष्कळ लोक दुसऱ्या भोंग्याची वाट पाहत घरीच थांबले. मागील दोन-तीन वेळा लाट लहान आली होती, म्हणून काही जण निर्धास्त राहिले. काही तर लाट पाहावयास मुद्दाम किनाऱ्यावर गेले. भोंग्याचा आवाज कानांत शिरला, त्याचा अर्थ शिरला नाही.

26 डिसेंबर 2004 चा रविवार बहुतेक वाचकांस स्मरत असेल. सुमात्राजवळ आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेसहाला एक-दोन मिनिटे कमी असताना 9.1 तीव्रतेचा भूकंप झाला. होनोलुलूच्या केंद्रास पंधरा मिनिटांत तो कळला. त्यांनी पत्रक काढले, पॅसिफिकला धोका नाही असे त्यात लिहिले. हिंदी महासागरातील देशांस कळवावे, तर कोणास कळवावयाचे ते ठरलेले नव्हते. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा दोन तासांहून अधिक वेळाने पोहोचल्या. नागपट्टिणम या एका जिल्ह्यात सहा हजारांवर माणसे मेली, भारतात एकंदर दहा हजारांहून अधिक, आणि सर्व देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास. त्यांत आपल्यासारखे कोळी किती होते, हे निराळे सांगावयास नको. सकाळची वेळ आणि वस्ती वाळूवर. पश्चिम किनारा सुरक्षित म्हणावा तर तेही खरे नाही. लाट श्रीलंकेस वळसा घालून केरळात आली आणि कोल्लम जिल्ह्यातील आलप्पाड या मच्छिमार गावात शंभराहून अधिक लोक गेले.

त्या दिवशीच्या सहस्रावधी करुण कथांमध्ये दोन कथा निराळ्या आहेत. पहिली पुद्दुचेरीजवळील नल्लवाडू या मच्छिमार गावाची. गावचा एक तरुण सिंगापुरास नोकरीस होता. तेथे त्याने बातमी ऐकली आणि तत्काळ घरी दूरध्वनी केला. गावात एका संशोधन संस्थेने चालविलेले माहितीकेंद्र होते आणि त्याचा ध्वनिक्षेपक होता. एरव्ही त्यावरून लाटांची उंची, हवामान, बाजारभाव सांगत. गावकऱ्यांनी ते उघडले आणि सर्वांनी गाव सोडावे असे ओरडून सांगितले. सुमारे 3,600 वस्तीचे गाव रिकामे झाले. होड्या गेल्या, घरे गेली, माणसे राहिली. या कथेत सरकार नाही, केंद्र नाही. एक दूरध्वनी, एक ध्वनिक्षेपक, आणि रोजच्या सवयीमुळे त्या आवाजावर असलेला विश्वास, एवढेच आहे.

दुसरी कथा सिमेउलुए बेटाची. हे बेट भूकंपाच्या केंद्रापासून इतके जवळ की, लाट दहा मिनिटांच्या आत आली. जगातील कोणतेही सूचना केंद्र तेथे उपयोगी पडले नसते. बेटाची लोकसंख्या सुमारे 78,000; मृत्यू 7. कारण असे की, 1907 साली तेथे मोठी लाट आली होती आणि पुष्कळ लोक मेले होते. वाचलेल्यांनी त्या लाटेस 'स्मोंग' असे नाव दिले, आणि तिची हकीकत गीतांतून, अंगाईतून, आजीच्या गोष्टीतून पोरांस सांगत आले: जमीन जोराने हलली आणि मागून समुद्र ओसरू लागला, तर काही न घेता डोंगराकडे पळा. 97 वर्षांनी जमीन हलली. वृद्धांनी 'स्मोंग' असा एकच शब्द उच्चारला आणि बेट डोंगरावर गेले. हे वाचले तेव्हा मला आपल्या गीतांची आठवण झाली आणि थोडी लाजही वाटली.

2004 नंतर आपल्या देशानेही विलंब लावला नाही, हे मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात 15 ऑक्टोबर 2007 रोजी त्सुनामी सूचना केंद्राचे उद्घाटन झाले. दर्यात मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे याची माहिती आपल्या नाखव्यांस हेच केंद्र देते, म्हणून 'इंकॉइस' हे त्याचे आखूड नाव बंदरांवर अपरिचित नाही. भूकंप झाल्यापासून साधारण दहा मिनिटांत तो कोठे व केवढा झाला हे तेथे ठरविले जाते. पाण्याखाली ठेवलेली दाबमापक यंत्रे आणि बंदरांतील पातळीमापक यंत्रे लाट खरोखर निघाली की नाही हे सांगतात. बंगालच्या उपसागराबरोबरच अरबी समुद्रावरही लक्ष असते, कारण भारतास धोका देणारे दोन उगम त्यांनी मानले आहेत: सुमात्रा-अंदमानची रांग आणि मकरान. सूचनेच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर किनाऱ्यावरील लोकांस उंच जागी हलवावयाचे असते. मधल्या पायरीवर किनारा व सखल जागा टाळावयाच्या. खालच्या पायरीवर केवळ सावध राहावयाचे. 11 एप्रिल 2012 रोजी सुमात्राजवळ 8.6 तीव्रतेचा भूकंप झाला, परंतु त्यात भूपट्टे उभी न उचलता आडवी सरकली आणि मोठी लाट निघाली नाही. केंद्राने पाणी मोजून काही तासांत सूचना मागे घेतली. असे प्रसंग पुढेही येतील. सूचना आली आणि लाट आली नाही, म्हणजे केंद्र खोटे ठरले असे मानू लागलो, तर आपण हिलोच्या वाटेने जाऊ.

आणि मकरान पुन्हा हलणारच नाही असे कोणी सांगू शकत नाही. 2013 च्या सप्टेंबरात बलुचिस्तानात 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र जमिनीवर असूनही ग्वादरसमोर समुद्रातून चिखलाचे एक बेट वर आले. तीन-चार वर्षांत तेही विरघळले.

हैदराबादेहून निघालेली सूचना दिल्लीस, मुंबईच्या मंत्रालयात, जिल्ह्याच्या कचेरीत आणि तटरक्षक दलाकडे पोहोचते. तेथून ती वाडीत येणार. येथे मला आपल्याजवळील एका जुन्या साधनाविषयी लिहावेसे वाटते. आपल्या आज्याला घड्याळ नव्हते, पण आज तिथी कोणती, भरती केव्हा लागेल, पाणी कोणत्या खडकापर्यंत चढेल, हे तो अंथरुणातून न उठता सांगे. ज्यास पाण्याची वेळ अशी पाठ आहे, त्यास अवेळी ओसरणारे किंवा अवेळी चढणारे पाणी दुसऱ्याने दाखवावे लागत नाही. भांगात उधाण येत नाही. आले तर ते चंद्राचे नव्हे, ही गोष्ट शहरातील शंभर सुशिक्षितांपैकी एकास तरी ठाऊक असेल का, याची शंका आहे. आपल्यातही आता यंत्राच्या होडीवर वाढलेली तरुण पिढी भरतीची वेळ मोबाइलवर पाहते. त्यात वाईट काही नाही, पण मोबाइल चंद्राची भरती सांगतो, भूकंपाची सांगत नाही.

दुसरी गोष्ट दर्यात असलेल्या होड्यांची. घरची माणसे किनाऱ्यावर आहेत, म्हणून सूचना ऐकताच होडी बंदराकडे वळविण्याचा मोह नाखव्यास होणारच. परंतु लाट खोल पाण्यात निरुपद्रवी आणि बंदरात प्राणघातक असते. जो दूर आहे त्याने दूरच राहावे, आणि बंदर खुले झाल्याचा निरोप बिनतारी संचावर मिळेपर्यंत परतू नये, हे तांडेलास आधीच सांगून ठेवावयास हवे. त्या घाईत सांगून कोणी ऐकणार नाही. किनाऱ्यावरच्यांनीही पहिली लाट परतताच होड्या पाहावयास खाली धावू नये. 1945 साली मुंबईच्या अपोलो बंदरावर पाण्याची पातळी मोजणारे यंत्र चालू होते आणि त्या लाटेची नागमोडी रेघ त्याच्या कागदावर उमटली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी मुंबई व कराची येथील त्या जुन्या रेघा पुन्हा अभ्यासून 2011 साली निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात ही लाट अडकून पडते आणि पुढेमागे हेलकावत राहते. म्हणून पाणी बराच वेळ शांत होत नाही, आणि पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असे नाही. अर्थात तासाभराने सारे निवळले असे समजू नये.

ओडिशातील वेंकटरायपूर व नोलियासाही ही दोन मच्छिमार गावे 2020 साली युनेस्कोकडून 'त्सुनामीस सज्ज' म्हणून मान्यता पावली. तेथे कोणाच्या घरी वृद्ध आहेत, कोणी कोणास घेऊन कोणत्या वाटेने जावयाचे, हे लिहून ठेवलेले आहे आणि तालीम घेतलेली आहे. ती गावे आपल्या वाड्यांहून काही श्रीमंत नाहीत. आपल्याकडे गावकी आहे, सणाला एका सादेसरशी सारी वाडी गोळा करण्याची रीत आहे, देवळावर ध्वनिक्षेपक आहे. नल्लवाडूस याहून अधिक काही नव्हते. वाट ठरविणे मात्र प्रत्येक वाडीचे निराळे काम आहे. दांड्याच्या लोकांस पाली हिलचा चढ जवळ आहे. वरळीच्या कोळीवाड्यास चिंचोळ्या वाटेने बाहेर पडावे लागते, म्हणून तेथे आधी निघणे भाग आहे. वेसाव्यास तर एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि टेकडी नाहीच. तेथे पक्क्या इमारतींचे वरचे मजले हाच डोंगर. त्यांपैकी कोणत्या इमारतीचा जिना रात्रीच्या वेळीही उघडा असतो, आणि नसल्यास किल्ली कोणाकडे असते, हे वेसावकरांनी येत्या नारळी पौर्णिमेस सारे जमतील तेव्हा एकदा ठरवून घ्यावे.